रफीसाहेबांचा ‘ळ’ आणि श्रीकांत ठाकरे

मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण आरंभ ‘शीळ’ या कवितेपासून करतात. ही कविता ना. घ. देशपांडे यांची. ते आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकरचे. वकिली करीत आणि कविता लिहीत. नागपूरकर जी. एन. जोशी यांनी त्या कवितेला चाल लावली आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी ती ध्वनिमुद्रिकेवर आली. पुढे जोशी एच.एम.व्ही. कंपनीत गेले आणि बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर अशा थोर कलावंतांची ध्वनिमुद्रणे त्यांच्या देखरेखीखाली झाली. ती हकीकत स्वतंत्र लेखाची आहे. आम्हांला येथे त्या कवितेच्या नावातले शेवटचे अक्षर तेवढे हवे आहे.

शीळ. मराठी भावगीताच्या दारातच ‘ळ’ उभा आहे. आणि ज्या जिल्ह्यातून हे गाणे आले, त्या जिल्ह्यात, विशेषतः घाट उतरून खामगाव, नांदुरा, जळगाव जामोदकडे गेले की, बोलताना ‘ळ’ म्हणणारा माणूस शोधावा लागतो. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. कुणबी असो, माळी असो, बौद्ध असो की पिंजारी, बोली एकच. आमच्यापैकी ज्यांच्या घरात उर्दू किंवा दखनी बोलतात, त्यांच्या तोंडी ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. म्हणजे ‘ळ’ दोघांनाही येत नाही. फरक एवढाच की एकाच्या चुकीला बोली म्हणतात आणि दुसऱ्याच्या चुकीला जात.

हे आम्ही अनुभवाने बोलतो. शाळेत असताना स्नेहसंमेलनात मोहम्मद रफी यांचे ‘शोधिसी मानवा’ गाण्याची आमची फार इच्छा होती. गाणे पाठ होते, गळाही बरा होता. तालमीच्या वेळी गुरुजींनी पहिली ओळ ऐकली आणि म्हणाले, “बेटा, तू हिंदी गाणं घे. तुम्हा लोकाईच्या तोंडात ‘ळ’ बसत नाही.” गुरुजी मनाने वाईट नव्हते. शिकवताना ते स्वतः ‘शाया’ म्हणत आणि ‘फया’ म्हणत. पण फळ्यावर लिहिताना त्यांचा ‘ळ’ बिनचूक असे, म्हणून ते मराठी आणि आम्ही पाहुणे. आम्ही हिंदी गाणे म्हटले, टाळ्याही मिळाल्या. मात्र एक गोष्ट तेव्हा गुरुजींना सुचली नाही आणि आम्हांलाही बोलता आली नाही. जे गाणे आम्हांला झेपणार नाही असे ठरले, ते मुळात ‘तुम्हा लोकां’पैकीच एकाने गायिले होते.

हे गाणे गायले मोहम्मद रफी यांनी, लिहिले वंदना विटणकर यांनी, आणि चाल बांधली श्रीकांत ठाकरे यांनी.

ठाकरे हे आडनाव या अंकाच्या पानांवर आले की वाचकाच्या मनात काय काय उभे राहते, याची आम्हांला कल्पना आहे. श्रीकांत हे प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचे चिरंजीव आणि बाळासाहेब ठाकरे यांचे धाकटे बंधू. ऑगस्ट १९६० मध्ये दोघा भावांनी मिळून ‘मार्मिक’ साप्ताहिक काढले. त्या साप्ताहिकातूनच पुढे जून १९६६ मध्ये शिवसेना निघाली. त्यानंतरचा इतिहास आम्ही सांगायला नको. भिवंडी १९८४ आहे, मुंबई १९९२-९३ आहे, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ साली आलेला अहवाल आहे. ज्यांची माणसे गेली त्यांना एका गोड चालीचे नाव सांगून समजूत घाला, असे म्हणण्याइतके आम्ही निर्ढावलेले नाही. श्रीकांत ठाकरे हे त्या घरातले होते आणि ‘मार्मिक’च्या जन्माशी त्यांचा संबंध होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण म्हणून त्यांनी काय केले हे सांगूच नये, हेही आम्हांला पटत नाही. इतिहास लिहायचा तर पूर्ण लिहावा.

श्रीकांत ठाकरे यांचा जन्म १९३० सालचा. हातात व्हायोलिन आले आणि ते आयुष्यभर सुटले नाही. घराण्याची व्यंगचित्रकलाही त्यांच्या बोटांत होती. ‘मार्मिक’मध्ये ते ‘शुद्ध निषाद’ या टोपणनावाने चित्रपटांवर लिहीत आणि ते लिखाण चांगलेच झणझणीत असे. टोपणनावासाठी सप्तकातला सूर निवडणाऱ्या माणसाचे मन कुठे गुंतलेले होते, हे निराळे सांगावे लागत नाही. मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव स्वरराज ठेवले. तो मुलगा पुढे राजकारणात गेला आणि नावातला ‘स्वर’ गळून नुसता ‘राज’ उरला. आम्हांला यात विनोद दिसतो. कुणाला आणखी काही दिसले तर आमची हरकत नाही.

त्यांना उर्दूची चांगली जाण होती आणि गझलेचा नाद होता. त्या पिढीतल्या महाराष्ट्रातल्या संगीतकारांना उर्दू नवी नव्हती, कारण हिंदी चित्रपटाची भाषाच उर्दू होती. पण बहुतेकांची उर्दू कामापुरती असे. ठाकऱ्यांची तशी नव्हती. शब्दाचे वजन, मिसऱ्यातला ठहराव, एखादा शब्द थोडा उशिरा टाकून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवण्याची लकब, या गोष्टी त्यांच्या मराठी चालींत उतरल्या. आमच्या वऱ्हाडात त्याच काळात अमरावतीचे सुरेश भट हीच उर्दूची रीत कवितेकडून मराठीत आणत होते. भट आणि ठाकरे दोघेही २००३ साली गेले, एक मार्चमध्ये, दुसरे डिसेंबरमध्ये. उर्दूचे कान घेऊन मराठीत काम करणारी दोन माणसे एका वर्षात उणी झाली, याची नोंद आमच्या वर्तुळात फारशी कुणी घेतली नाही.

१९७०च्या दशकात ठाकऱ्यांनी रफीसाहेबांना मराठीत आणले. हिंदीतल्या गायकाने मराठीत गाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता असे नव्हे. तलत महमूद ‘पुत्र व्हावा ऐसा’ या १९६१ सालच्या चित्रपटात गायिले होते. मन्ना डे यांनी मराठीत गायिले. महेंद्र कपूर तर दादा कोंडक्यांच्या चित्रपटांचा ठरलेला आवाज झाले. पण रफींची गोष्ट निराळी ठरली. त्यांची मराठी गाणी मोजायला बसलो तर संख्या फार होत नाही, आणि त्यांतली बहुतेक एकाच संगीतकाराची. ‘शोधिसी मानवा’, ‘हा छंद जिवाला’, ‘प्रभू तू दयाळू’, ‘हे मना’, ‘विरले गीत कसे’, ‘तुझे रूप सखे’, ‘हा रुसवा सोड’, मुलांसाठीचे ‘हसा मुलांनो हसा’, आणि पुष्पा पागधरे यांच्याबरोबरचे ‘अगं पोरी संभाल’. यांतली बरीचशी चित्रपटातली नव्हेत, नुसती ध्वनिमुद्रिकेवरची. म्हणजे पडद्यावर नायक नाही, नायिका नाही, बाग नाही. गाण्याला स्वतःच्या पायांवर उभे राहायचे होते, आणि ती उभी राहिली.

आता मूळ प्रश्न. कोटला सुलतान सिंग या अमृतसर जिल्ह्यातल्या खेड्यात २४ डिसेंबर १९२४ रोजी जन्मलेला, लाहोरात वाढलेला, उर्दू लिपीत गाणे उतरवून घेणारा गायक मराठी कसे गाणार? उर्दू लिपीत ‘ळ’ला अक्षरच नाही. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चार’मधला एक आणि ‘चांगला’मधला दुसरा. लिहिताना सारखे, म्हणताना निराळे. उर्दूत दुसरा ‘च’ नाही. ‘ज’चीही तीच कथा, पण तेथे उर्दूवाल्याची सोय आहे, ‘जमीन’, ‘जरा’ म्हणताना त्याची जीभ मराठीतल्या दुसऱ्या ‘ज’च्या शेजारीच असते. अवघड पडतात ते ‘ळ’, ‘ण’ आणि दुसरा ‘च’. मराठी माणूस परक्याला ओळखतो तो नेमका याच ठिकाणी.

चतुर संगीतकाराने काय केले असते? गीतकाराला सांगून ही अक्षरे टाळली असती. ठाकऱ्यांची गाणी या दृष्टीने पुन्हा ऐकली तेव्हा आम्हांला थोडे आश्चर्य वाटले, कारण तसे झालेले नाही. ‘शोधिसी मानवा’च्या पहिल्याच ओळीत ‘राऊळी’ आहे. ‘प्रभू तू दयाळू’च्या तर नावातच ‘ळ’ आहे, आणि गाण्याचा सगळा भार त्याच शब्दावर आहे. रफीसाहेब तो ‘ळ’ चोरत नाहीत, गडबडीने गिळतही नाहीत. जीभ वळवून, टाळूला लावून, नीट सोडतात.

चालीचा यात वाटा आहे. गाण्यात लांबवायचा असतो तो स्वर, व्यंजन नव्हे. ‘ळ’ कुणालाही लांबवता येत नाही, लांबतो तो त्याच्या पुढचा ‘ऊ’ किंवा ‘ई’. व्यंजन क्षणभर येते आणि जाते, मग स्वराचे मैदान मोकळे. परक्या जिभेच्या गायकासाठी चाल बांधायची तर हा हिशेब सांभाळावा लागतो. अवघड अक्षर कुठे येते, त्याच्या आधी श्वास आहे का, ठेका त्याला ढकलतो की थांबू देतो. ठाकरे व्हायोलिनवाले होते. व्हायोलिनला पडदे नसतात, सुराची नेमकी जागा बोटाला कानाच्या आधाराने शोधावी लागते. आमचा तर्क असा की, अक्षराची जागा शोधण्याची सवयही त्याच वाद्याने त्यांना लावली असावी. ‘हा छंद जिवाला’ ऐकताना हे फार जाणवते. चाल गझलेच्या अंगाने झुलते, घाई करीत नाही, आणि शब्दाला बसायला पाट मांडून देते.

पण सगळे श्रेय चालीला देऊनही एक गोष्ट उरते, आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवलेले आमच्या वाचनात नाही. रफीसाहेब उर्दूचे गायक खरे, पण त्यांची मातृभाषा पंजाबी. पंजाबीत ‘ण’ आहे. पंजाबी माणूस ‘पानी’ म्हणत नाही, ‘पाणी’ म्हणतो, अगदी आमच्या शेतकऱ्यासारखा. बोलण्यातल्या पंजाबीत ‘ळ’ही आहे. पंजाबी खेड्यातली आई काळ्या रंगाला ‘काळा’च म्हणते. म्हणजे जी अक्षरे रफींच्या तोंडात बसणार नाहीत असे कुणालाही वाटावे, ती लहानपणी त्यांच्या तोंडात होतीच. लाहोर आणि मुंबईच्या उर्दूने ती पुसली होती. मराठीने त्यांना नवे काही शिकवले नाही, खेड्यात राहून गेलेले परत दिले. महेंद्र कपूर हेही अमृतसरचेच, हे या जागी आठवते. ‘तुम्हा लोकां’ना ‘ळ’ येत नाही या वाक्यातले ‘लोक’ कोण, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

‘अगं पोरी संभाल’ची मौज आणखी निराळी. हे कोळीगीत. पुस्तकी मराठीत ‘सांभाळ’ झाले असते. पण किनाऱ्यावरच्या कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून ‘संभाल’. म्हणजे आमच्या घरातली उर्दूवाली माणसे जे करतात, तेच मुंबईचे अस्सल, मूळचे रहिवासी करतात. कोळ्याने केले की ते लोकगीत. ते गाणे रफींच्या गळ्यात इतके सहज बसले आहे की, हा माणूस वर्सोव्याच्या बंदरावरच वाढला असावा असे वाटते. वंदना विटणकरांनी बोली जशीच्या तशी ठेवली आणि ठाकऱ्यांनी ठेका होडीसारखा हलता ठेवला. पुष्पा पागधरे यांचा आवाज त्यात खारा वारा घेऊन येतो.

आणि आता ‘बहाणा’. ‘हा रुसवा सोड’मध्ये हा शब्द येतो. मूळ फार्सी ‘बहाना’. आमच्याकडे उर्दूतून आला, मराठीत शिरताना त्याने ‘न’चा ‘ण’ करून घेतला आणि घरचा झाला. माधव जूलियनांचा ‘फार्सी-मराठी कोश’ १९२५ सालचा आहे. तो चाळला की असे किती शब्द नाव बदलून नांदताहेत ते कळते. रफीसाहेबांनी हिंदी चित्रपटात ‘बहाना’ किती वेळा म्हटला असेल त्याची गणती नाही. मराठी गाण्यात मात्र त्यांना आपलाच शब्द मराठीच्या उच्चाराने म्हणायचा होता. ते ‘बहाणा’ म्हणतात, ‘ण’ ठसठशीत ठेवून. ‘तुझे रूप सखे’मध्ये ‘गुलजार’ येतो, तो तर कपडेही न बदलता मराठीत आलेला. मराठीतून अरबी-फार्सी शब्द वेचून काढण्याची हौस ज्या महाराष्ट्रात काही लोकांना वेळोवेळी होते, तेथे ठाकरे नावाच्या संगीतकाराने हे शब्द गाण्याच्या ऐन मोक्याच्या जागी ठेवले आणि मोहम्मद रफींकडून गाऊन घेतले. त्यांच्या मनात काही धोरण होते असे आम्ही म्हणत नाही. बहुधा नसावेच. त्यांच्या कानाला ते शब्द गोड वाटले, एवढेच असेल. कानाचे इमान कधी कधी माणसाच्या इतर इमानांपेक्षा मोठे असते.

हे गाणे आमच्यापर्यंत आले ते रेडिओवरून. घाटावरच्या गावांत नागपूर केंद्र लागे, रात्री सिलोन लागे. पहाटे केंद्र सुरू होण्याआधी तंबोऱ्यावर ती ओळखीची धून वाजायची. शिवरंजनीची छटा असलेली, थोडी उदास. फजरची नमाज आटोपून अब्बा चुलीपाशी बसत, तेव्हा ती घरात येई. ही धून अस्सल हिंदुस्थानी, कुणा पंडिताने बांधलेली, असेच आम्ही धरून चाललो होतो. पुष्कळ उशिरा कळले की ती वॉल्टर काउफमान नावाच्या जर्मनभाषक ज्यू संगीतकाराची म्हणून ओळखली जाते. जन्म १९०७, कार्ल्सबादचा. शिक्षण बर्लिनचे. जर्मनीत हिटलर आला, ज्यू कलावंतांचे तेथे जगणे अशक्य झाले, आणि हा गृहस्थ १९३४ साली बोटीने मुंबईला उतरला. सुरुवातीला हिंदुस्थानी संगीत त्याच्या कानाला लागेना. तो चिकाटीने ऐकत राहिला. १९३७ ते १९४६ मुंबई रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याच्याकडे होता. मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठीही त्याने काम केले. पुढे कॅनडात, मग अमेरिकेत प्राध्यापक झाला, उत्तर हिंदुस्थानातल्या रागांवर १९६८ साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १९८४ साली तेथेच वारला. ज्या भाषेत तो वाढला त्या भाषेच्या राज्याने त्याला परका ठरवले, आणि ज्या देशाच्या संगीतात तो खरोखर परका होता, त्या देशाची पहाट त्याच्या सुरावर उजाडू लागली. बुलढाण्याच्या कुठल्याही घरात कुणी कधी विचारले नाही की ही धून कुणाची, तिचे उच्चार शुद्ध आहेत का.

धुनेला शब्द नसतात म्हणून तिचे निभावते. शब्द आले की पहारेकरी येतात. हे दोन्ही बाजूंनी आहे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या वऱ्हाडी मुसलमानाची उर्दू लखनौ-दिल्लीवाल्याला चालत नाही. आम्ही ‘क़ाफ’चा ‘खे’ करतो, दखनीची ती जुनी खोड आहे. कब्रस्तानाला ‘खबरस्तान’ म्हणतो. मुशायऱ्यात बाहेरचा शायर ते ऐकून मिशीत हसतो. इकडे पुणेकर आमच्या ‘ळ’वर हसतो. तलफ्फुजच्या दोन्ही दरवाजांवर आमची झडती होते. शेख महंमद आणि शहामुनी यांनी कित्येक पिढ्यांपूर्वी मराठीत ग्रंथ लिहिले, हा दाखला आम्ही प्रत्येक संमेलनात देतो. १९९०च्या सोलापूर संमेलनापासून देत आलो. दाखला खरा आहे, पण तो कागदावरचा. कागदावर ‘ळ’ सगळ्यांनाच येतो. तोंडाचा दाखला हवा असेल तर तो रफीसाहेबांचा आहे, आणि तो मिळवून दिला श्रीकांत ठाकरे यांनी.

येथे एक हिशेब जुळत नाही, तो न जुळताच ठेवतो. साठीच्या दशकात ‘मार्मिक’ मराठी माणसाच्या नावाने लढत होते. मुंबईतल्या कचेऱ्यांत बाहेरची नावे किती, याच्या याद्या त्यात छापल्या जात. तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता, पुढे तो आमच्याकडे वळला. त्याच साप्ताहिकाचा एक संस्थापक संध्याकाळी पेटी पुढे ओढून, बाहेरून आलेल्या एका पंजाबी मुसलमानासाठी मराठी चाली बांधत होता. या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकत्र कशा राहत होत्या? ‘जसं घडलं तसं’ हे त्यांचे आत्मकथन आहे. नाव प्रामाणिक आहे. पण माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हाही असले प्रश्न त्याच्या लेखणीपेक्षा मोठेच राहतात. आम्ही एवढेच म्हणू की चाल खोटी नाही. रफींसाठी बांधलेली एकही चाल कमअस्सल नाही, ‘मराठीत जमेल तेवढे जमेल’ अशा उपकाराच्या भावनेने केलेली नाही. सर्वोत्तम ते त्यांनी या गायकासमोर ठेवले आणि बरोबरीचे मागून घेतले. आम्हांला शाळेत मिळाले नाही ते हेच. सोपे करून नको होते, पूर्ण मागून हवे होते.

‘प्रभू तू दयाळू’ किंवा ‘शोधिसी मानवा’ या गाण्यांत कुठल्या एका देवाचे नाव नाही, हेही खरे. देव देवळात नव्हे तर मनात शोधावा हा त्या गाण्याचा विचार वारकऱ्याला तुकोबांचा वाटतो आणि आमच्या वडीलधाऱ्यांना सैलानी बाबांच्या दर्ग्यावर ऐकलेल्या कव्वालीचा. सैलानीची यात्रा होळीच्या सुमारास भरते, पिंपळगाव सराईला. तेथे कोण कुठल्या धर्माचा हे गर्दीत कळत नाही. पण हे गाणे ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणून दरवर्षी ठरलेल्या दिवशी लावण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याचा आम्हांला कंटाळा आहे. तसे लावले की गाणे ऐकू येत नाही, फलक दिसतो.

रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजी गेले. रमजान चालू होता, मुंबईत पाऊस कोसळत होता, आणि जनाजा जुहूच्या कब्रस्तानाकडे निघाला तेव्हा भिजत चालणाऱ्यांत सगळ्या जातींची माणसे होती. वय पंचावन्न. ठाकरे त्यांच्यानंतर तेवीस वर्षे होते. या तेवीस वर्षांत त्यांनी इतर कामे केली, पण लोकांच्या तोंडी राहिले ते रफींबरोबरचे. संगीतकाराच्या नशिबी हेही असते. गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाते, फार तर कवीच्या. चाल बांधणारा ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर बारीक अक्षरांत राहतो. रफींची मराठी गाणी म्हटली की डझनभर गाणी सांगणारे आमच्या गावात आजही भेटतात; संगीतकाराचे नाव विचारले की गप्प होतात. नाव सांगितले की आणखी गप्प होतात.

काही वर्षांपूर्वी जुलैअखेरीस खामगावला एका ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ऐकला. गाणारा पोरगा गॅरेजमध्ये काम करणारा, पुढच्या रांगेत त्याची अम्मी बुरख्यात बसलेली. हिंदी गाणी झाली, फर्माइशी झाल्या, मग त्याने ‘हा रुसवा सोड’ घेतले. निवेदक घरी ‘डोया’ म्हणणारा असावा, कारण मंचावर मात्र तो एकेक ‘ळ’ कमावून म्हणत होता. पोराने ‘बहाणा’ म्हटले. ‘ण’ थोडा कच्चा होता. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा त्याने तो सुधारला आणि अम्मीकडे पाहिले.